वाळूखालचं गोडं पाणी

देवबागला यायला रस्ता एकच. मालवणहून निघालं की वायरी, मग तारकर्ली, आणि पुढे जसजसं दक्षिणेला सरकावं तसतशी जमीन दोन्ही अंगांनी आवळत येते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी समुद्राकडच्या पडवीतून निघून नदीकाठच्या होडीपाशी पोचायला पाचएक मिनिटं पुरतात. टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. तिथे रस्ता संपतो आणि गावही संपतं.

एवढ्याशा पट्टीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती एका गोष्टीच्या जोरावर. वाळूखाली गोडं पाणी आहे. दोन्हीकडे खारं, आणि परसातल्या विहिरीत थोड्याच हातांवर गोडं. लहानपणी याचं नवल वाटायचं नाही, कारण ते सगळ्यांकडेच होतं. आता वाटतं.

पावसाचं पाणी वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून ते त्यात मिसळून न जाता दुधावर साय धरावी तसं वर तरंगत राहतं. भूजलाचा अभ्यास करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर असतो. ऐकायला श्रीमंती वाटते. पण हाच हिशेब उलटा करून बघा. उपसून उपसून वरची पातळी एक फूट उतरली, की खालून खारं पाणी ४० फूट वर यायला बघतं. लगेच येत नाही, सावकाश येतं. आणि एकदा वर आलं की एका पावसाळ्याने ते मागे हटेल याची खात्री नाही.

आमच्या आज्या-पणज्यांना हा हिशेब कोणी शिकवला नव्हता. त्या कळशीने पाणी काढायच्या. हाताला रग लागली की उपसा थांबायचा. पंपाला रग लागत नाही.

रत्नागिरीतून १९८१ साली वेगळा झालेला आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हाचा आनंद मला आठवतो, आणि तो खरा होता. इथले तरुण गिरणीत नाहीतर गोदीत नाहीतर कुणाच्या तरी ओळखीवर मुंबईला जायचे. घरं म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या भरवशावर. गावात राहूनच चार पैसे मिळतील असं पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं. न्याहारी-निवासाची योजना आली तेव्हा बायकांनी पडवीला लागून एखादी खोली काढली, धुतलेली चादर घातली आणि आलेल्या माणसाला घरात शिजलं तेच वाढलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. माझ्याही घरात दोन खोल्या आहेत. त्यांच्यावर मुलांची शिक्षणं झाली, छपराचे वासे बदलले. पर्यटक नकोत असं मी म्हणूच शकत नाही, आणि मला ते म्हणायचंही नाही.

पण घरातल्या दोन खोल्यांचं गाव वेगळं होतं. कोकणात जमीन सामायिक. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. आधी त्या नावांना कोणी विचारत नसे. मग गुंठ्याला भाव आला आणि एकेक नाव सही करू लागलं. ज्याने ही वाडी कधी शिंपली नाही त्याने ती विकली, आणि ज्याने ती कधी पाहिली नव्हती त्याने घेतली. माड तुटले, सुरूची झाडं गेली. खोलीतून समुद्र दिसावा म्हणून वाळूच्या टेकड्या सपाट केल्या. त्यांच्यावर पसरलेली मर्यादवेल उपटून तिथे लॉन लावलं, आणि त्या लॉनला रोज संध्याकाळी पाणी. ती वेल वाळू धरून ठेवत होती. फयान वादळ आलं २००९ मध्ये, तौक्ते २०२१ मध्ये. दोन्ही वेळा समुद्र कुठून आत आला हे गावातल्या कुणालाही विचारा, बोटाने दाखवतील. जिथे वाळू सपाट केली होती तिथूनच.

किनाऱ्याचे नियम १९९१ पासून आहेत. भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं बांधकाम नको, असं ते गावांसाठी सांगत आले. समुद्राकडून मोजलं, मग नदीकडून मोजलं, तर आमच्या पट्टीवर काही जागी मधे उरतच नाही काही. म्हणून जुन्या घराला साधी न्हाणी वाढवायची तर कागद घेऊन वर्षानुवर्षं फिरावं लागतं. तेवढ्यात शेजारच्या कुंपणाआड दुसरा मजला चढलेला असतो. तो कसा चढतो हे मी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

खारं पाणी पहिल्यांदा कळतं ते चुलीवर. मे महिन्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या शिट्ट्या वाढवत जायच्या, तरी दाणा दाताखाली येतोच. मग साबणाला फेस येईनासा होतो. केस धुतले तरी चिकट राहतात. मागच्या एका मेमध्ये शेजारच्या काकी सकाळी माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण अजून स्वतःचं अंगण स्वतः झाडतात. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हेच्यात मीठ कोणी घातला गो?"

कोणीच घातलं नव्हतं. पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं. आमची विहीर आधीच मचूळ झाली होती म्हणून पहाटे मी त्यांच्याकडून दोन कळशा आणल्या होत्या. काकी उठल्या, हळूहळू विहिरीपाशी गेल्या, कठड्याला हात टेकून आत बघत राहिल्या. ती विहीर त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली. लग्न होऊन आल्या त्या दिवशी पहिली कळशी त्यांनी तिथेच भरली होती.

"इतक्या वर्सात ह्या पाणी कधी बिघडूक नाय," त्या म्हणाल्या. आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या एका रिसॉर्टात तरणतलाव भरला जात होता. समुद्र समोर, नदी मागच्या दाराशी, आणि मधे गोड्या पाण्याचा तरणतलाव. तिथे उतरलेला पाहुणा समुद्रात डुंबून येतो, शॉवरखाली उभा राहतो, मग तलावात उतरतो, मग परत शॉवर. मी त्याला दोष देत नाही. त्याने पैसे मोजलेत, आणि हे पाणी कुठून येतं ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही. सांगायचं आम्हीच टाळतो. पाहुणा पुढच्या वर्षी गोव्याला जाईल ही धास्ती असते. माझ्या खोल्यांमध्ये आता मी बादली आणि तांब्या ठेवलाय, शॉवर काढून टाकला. पाहुण्यांना विहिरीपाशी नेऊन कारण सांगते. कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबातल्या आजोबांनी ते ऐकून नातवंडांना दुसऱ्या दिवशी आंघोळीला अर्धी अर्धी बादलीच दिली. माणसांना सांगितलं तर कळतं. सांगितलं मात्र पाहिजे.

मैल्याचं आणखी वेगळं. वाळूत शोषखड्डा खणला की पाणी क्षणात जिरतं, खड्डा कधी भरत नाही, आणि मालकाला वाटतं काम चांगलं झालं. जिरतं ते जातं कुठे? त्याच थरात, जिथून शेजारचा पंप ओढतो. पूर्वी घरं विरळ होती, विहीर आणि संडास यांत मोकळं अंगण असायचं. आता कुंपणाला कुंपण लागलंय. पावसाळा सुरू होताना पोट बिघडण्याच्या तक्रारी घेऊन बायका दवाखान्यात बसलेल्या असतात. नव्या बांधकामाच्या नकाशात तरणतलाव असतो, शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती लांब आहे ते दाखवलेलं नसतं.

आता किनाऱ्याबद्दल. रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल मारून येते, आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत आणतात. एका घराचं हे काम नाही, अख्ख्या वाडीचं आहे. ओढायला आलेल्या प्रत्येकाला वाटा. ज्या बाईच्या घरी होडी नाही, जाळं नाही, कर्ता पुरुष नाही, तिनेही येऊन दोराला हात लावला की तिच्या टोपलीत ओंजळभर पेडवे नाहीतर तारल्या पडायच्याच. तिला कोणाकडे मागावं लागत नसे. गाव म्हणजे काय, ते मला रापणीने दाखवलं.

रापणीला किनारा मोकळा लागतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी शांत लागतं. सकाळी नऊनंतर आमच्या पाण्यात दोन्ही नसतं. जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंगच्या बोटी, त्यांचे कर्णे, वाळूवर रांगेने लावलेल्या खुर्च्या. मासळी आत येत नाही, आली तरी जाळं टाकायला जागा नाही. मोठ्या पर्ससीन बोटींनी खोल पाण्यातले थवेच्या थवे उचलले, हे दुखणं वेगळंच. त्यांच्यावर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसले की किनाऱ्यावर शिव्या ऐकू येतात. पण पर्ससीनवाल्याशी भांडता तरी येतं. वॉटर स्पोर्ट्सची बोट चालवणारा आपल्याच वाडीतला पोरगा असतो. त्याच्या बापाने आयुष्यभर रापणीचा दोर ओढला. पोराच्या बोटीवर कर्ज आहे, हप्ता आहे, आणि त्याला हंगाम मिळतो तो मे अखेरपर्यंत. त्याला काय म्हणणार?

मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ, मासे, समुद्री शेवाळ जपायचं म्हणून. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. आज त्याच भागातल्या पाण्यात स्नॉर्कलिंगच्या बोटी दिवसभर नांगर टाकतात. पोहायला न येणारा माणूस घाबरला की पाय टेकायला जागा शोधतो, आणि पायाखाली जे कडक लागतं ते जिवंत प्रवाळ असतं. बोटी बांधायला पक्के बोये टाकले तरी नांगराचं नुकसान वाचेल. एवढी साधी गोष्ट आहे ती.

किनाऱ्यावर जायच्या जुन्या पायवाटाही बुजत चालल्या. दोन वाड्यांमधून, गडग्याला लागून, रापणीचे दोर खांद्यावर घेऊन माणसं जात त्या वाटा. कागदावर त्या बऱ्याचदा नसतातच, वहिवाटीने चालत आलेल्या. जमीन विकली गेली की आधी फाटक येतं, मग पाटी. माझी आत्या ज्या वाटेने रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसायची, तिथे तिला एका परगावच्या रखवालदाराने विचारलं, "आप किस रूम में हो?" ती घरी आली आणि त्यानंतर त्या बाजूला गेली नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर त्या प्रश्नाचा. बिचारा रखवालदार आपली नोकरी करत होता. पण सत्तर वर्षं इथे राहिलेल्या बाईला तिच्याच किनाऱ्यावर खोली क्रमांक सांगावा लागावा, हे कोणी ठरवलं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर रस्ता रस्ता राहत नाही. पुणे, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, सगळ्या पाट्यांच्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने माडाच्या आळ्यात उतरायचं. अशाच एका संध्याकाळी वाडीतल्या एका गृहस्थांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका तारकर्लीच्या अलीकडेच अडकून पडली. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून नदीवर नेलं, होडीत घातलं आणि कर्ली ओलांडून कोरजाईला उतरवलं. पुढे रिक्षा. आमच्या आजोबांच्या काळात माणसं अशीच न्यायचे. गृहस्थ वाचले. पण तेव्हापासून आमच्या वाडीत डिसेंबरअखेरीस कोणाची तरी होडी रात्रभर तयार ठेवलेली असते, तेल भरून.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हेच चाललंय. लिलावात सुरमई आणि पापलेट हॉटेलवाले उचलतात, गावातलं माणूस उरलेल्यात हात घालतं, त्याचाही भाव चढलेला. महिन्याच्या भाड्याने खोली मिळत नाही, कारण तीच खोली शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत महिन्याचं भाडं काढते. शाळेत बदलून आलेल्या बाई कुडाळहून येऊन-जाऊन करतात. लग्न झालेला धाकटा मुलगा वेगळं घर थाटायला कुठे जाणार? मुंबईला. म्हणजे ज्यासाठी हे सगळं सुरू झालं, मुलं गावात राहावीत म्हणून, तेच उलट होऊ लागलंय. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. पर्यटन जिल्हा होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. पाहुणे वाढत गेले आणि घरचे कमी झाले.

मालवणच्या धक्क्यावरून समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. पाहुण्यांना हे दाखवताना मार्गदर्शक चमत्कार म्हणून सांगतात. मला तो चमत्कार वाटत नाही, ती दृष्टी वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ले बांधण्याविषयी जे लिहिलंय त्यात स्पष्ट म्हटलं आहे की आधी पाणी पाहावं आणि मग किल्ला बांधावा. आधी पाणी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. अभिमानाने ऊर भरून आला. आता आणखी माणसं येतील. त्यांच्यासाठी वाहनतळ हवा, स्वच्छतागृहं हवीत, रस्ता रुंद हवा, सगळ्यांची भाषणं झाली. पाणी पाहिलं का, हे एकाही भाषणात आलं नाही.

मर्यादा घालणं आपल्याला जमत नाही असं नाही. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज ३,००० माणसांनाच सोडतात, आधी नोंदणी करून. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तरीही माथेरानचे धंदे चालतात. तिथे फुलं मोजून, रस्ता मोजून आकडा ठरला. आमच्या पट्टीचा आकडा विहिरीत आहे. तो बाहेर काढून बघायचा, एवढंच काम आहे.

ते आम्ही सुरू केलंय. वाडीतल्या काही बायका मिळून आम्ही विहिरी मोजतो. हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर, एवढंच साहित्य. पाणी कितव्या गाठीला लागलं आणि मीटरने काय दाखवलं, ते वहीत लिहायचं. दर पंधरवड्याला. पावसाळ्यात रिसॉर्टं बंद होतात, पंप गप्प बसतात, तेव्हा पाणी किती भराभर वर येतं हे आकड्यांत पहिल्यांदा दिसलं. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते किती उतरतं हेही. काकींच्या विहिरीचं पान सगळ्यात आधीचं आहे. त्या रोज विचारतात, "आज किती गाठी?"

येत्या ग्रामसभेत ही वही मांडायची आहे. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा म्हणून अर्ज दिला आहे. मागण्या तीन आहेत. एप्रिलअखेरच्या मोजणीवरून त्या वर्षी गावात नव्या किती खोल्यांना ना-हरकत द्यायची ते ठरावं, आणि पाणी उतरलेलं असेल तर एकीलाही देऊ नये. आहे त्या तरणतलावांना विहिरीचं आणि कूपनलिकेचं पाणी बंद व्हावं. नवा शोषखड्डा खणण्याआधी शेजारच्या विहिरींची अंतरं नकाशात दाखवावीत आणि त्या विहिरींच्या मालकांची सही घ्यावी. खोल्यावाल्यांनी यावं, बोटवाल्या पोरांनी यावं, मुंबईत असलेल्या पण सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनीही रजा टाकून यावं. कोणाला विरोध करायचा असेल तर त्यांनीही वही आधी पाहून मग बोलावं. ती माझ्या पडवीत ठेवलेली असते.

नदीकडच्या वाड्यांमधल्या बऱ्याच विहिरी अजून मोजायच्या राहिल्या आहेत. ज्यांना आपली विहीर वहीत यावी असं वाटतं त्यांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि सकाळी आम्ही येईपर्यंत पंप लावू नये. उपसा झाल्यावर घेतलेला आकडा धरता येत नाही.